मऊ मातीतले चाळीस खुंटे

सिंचन कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर नवी खोली झाली आणि चिमूटकाकांच्या नाकाचे हाल सुरू झाले. खोलीच्या भिंतीवर एक डबी बसवलेली होती. दर दहा मिनिटांनी ती आपोआप फुस्स करायची आणि फुलांचा वास सोडायची. कुठल्या फुलांचा, ते डबी बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. त्यात जमिनीवरच्या नव्या गालिच्याच्या डिंकाचा वास, आणि थंड हवेच्या यंत्रातून येणारा ओल्या फडक्यासारखा वास. काका दारातच थबकायचे, रुमाल नाकापर्यंत न्यायचे आणि कुणी बघत असेल म्हणून परत खिशात घालायचे.

हा माणूस माती तपासणारा. एकतीस वर्षं तेच काम. कुठल्याही शेतात गेले की आधी वाकायचं, चिमूटभर माती उचलायची, अंगठ्याने बोटावर चोळायची, हुंगायची, आणि फारच शंका आली तर जिभेच्या टोकाला लावायची. मग शेतवाल्याच्या तोंडाकडे न बघता जमिनीकडेच बघत म्हणायचं, "आज नको. परवा पाणी द्या." बस्स, एवढंच बोलणं. त्यावरून चिमूटकाका हे नाव पडलं आणि असं चिकटलं की कार्यालयातल्या नव्या मंडळींना त्यांचं खरं नाव माहीतच नव्हतं. हत्यार म्हणाल तर एकच. लोहाराकडून करून घेतलेली हातभर लांबीची पोलादी सळई, वर लाकडी मूठ. जमिनीत दाबायची, ओल जिथवर असेल तिथवर ती जाते, पुढे अडते. बायको म्हणायची, "मातीला हुंगता तसं एकदा माणसांनाही हुंगत जा. म्हणजे कोण काय आहे ते कळेल तरी."

नवी खोली झाली ती सेन्सरसाठी. योजना अशी की, चार पट्ट्यांतल्या शेतांत मिळून चाळीस सेन्सर पुरायचे. प्रत्येकाने जमिनीतली ओल मोजायची, ती पाण्याच्या टाकीवरच्या टॉवरला कळवायची, टॉवरने ती या खोलीतल्या भल्यामोठ्या पडद्यावर दाखवायची. ओल पुरेशी असेल तर पट्टा हिरवा, कमी असेल तर पिवळा, कोरडा पडला तर लाल. पहिला महिना चाचणी, म्हणजे पडद्याचा रंग पाहून व्हॉल्व्हवाल्याने हाताने पाणी सोडायचं. पुढे मंजुरी मिळाली की व्हॉल्व्ह आपोआप उघडणार आणि बंद होणार. पाण्याची पाळी ठरवायला माणूस नको. शेतातले लोक सेन्सर वगैरे म्हणत नसत, ते त्यांना खुंटे म्हणत. दिसायलाही ते तसेच होते, डोक्यावर काळी शेपटी असलेले.

योजना आखणारे साहेब वयाने तरुण, अंगाने शिडशिडीत आणि सदैव पडद्याला तोंड लावून. त्यांना सगळे पडदेसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. पण त्यांच्याकडून एक गोष्ट बरी झाली होती. खुंटे कुठे पुरायचे, त्या चाळीस जागा त्यांनी काकांकडून काढून घेतल्या. काकांनी तीन आठवडे खपून नकाशावर चाळीस ठिपके दिले होते. काळी माती कुठे, मुरमाड कुठे, चढ कुठे, पाणी शेवटी पोचतं ती कड कुठे, सगळा विचार करून. आयुष्यात एवढं चांगलं काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्यांना मनातून वाटत होतं. बोलले मात्र कुणाकडेच नाहीत.

"काका, आता तुमच्या चिमटीला आराम," पडदेसाहेब त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते. ती थाप काकांना मुळीच आवडली नव्हती. पण ते हसले होते.

महिना संपत आला असताना एका सकाळी ताई कार्यालयात आली. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. तिचं शेत चौथ्या पट्ट्यात, म्हणजे पाणी जिथे सगळ्यात शेवटी पोचतं तिथे. जिना चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती, पण बसली नाही. हातातलं फडकं तिने टेबलावर, बिस्किटांच्या बशीशेजारी, सोडलं. आत मातीचं एक ढेकूळ होतं. दगडासारखं.

"हुंग," ती म्हणाली.

"ताई, इथे कशाला..."

"इथेच. वास येतो का बघ पाण्याचा. मक्याला तुरे आलेत. कणसात दाणा धरायची वेळ आणि मागची पाळी गेली कुठे? व्हॉल्व्हवाला म्हणतो, पडद्यावर हिरवं आहे. मी म्हटलं, मेल्या, पडद्यावर मका लावलाय का मी?"

पडदेसाहेबांनी मान वळवली. "आजी, तुमचा पट्टा हिरवाच आहे. बघा ना."

"आजी तुझी घरी," ताई म्हणाली. तिने पडद्याकडे पाहिलं. चौथा पट्टा खरंच हिरवागार होता, चकचकीत, रंगवलेल्या खेळण्यासारखा. "हे माझं शेत? असं हिरवं माझ्या शेतात काहीच नाही रे. बेडूकसुद्धा नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. डबीनेही फुस्स केलं. काकांनी ते ढेकूळ उचललं आणि अंगठ्याने दाबलं. दाबलं जाईना. पुढची पाळी शुक्रवारी होती. तीही गेली तर चौथ्या पट्ट्यातल्या अकरा शेतांत कणसं भरणार नव्हती, हे सांगायला पडदा नको होता. आणि गुरुवारी मंजुरीची बैठक.

"आज सोमवार," काका म्हणाले. "चल, बघून येतो."

दुपारी ताईच्या शेतात ते खुंटा शोधू लागले. नकाशावरच्या ठिपक्यापाशी खुंटा नव्हताच. तो होता सोळा पावलं अलीकडे, व्हॉल्व्हच्या सांध्याशेजारी. सांधा गळत होता. थेंब-थेंब, बऱ्याच दिवसांपासून असावा, कारण तिथे शेवाळ धरलं होतं आणि त्यावर चिलटं घोंघावत होती. काकांनी खुंट्याशेजारी सळई टेकवली. जोर लावावाच लागला नाही. ती मुठीपर्यंत आत गेली, लोण्यात जावी तशी. बाहेर काढली तेव्हा तिला कुजका, आंबूस वास येत होता. मग त्यांनी खऱ्या ठिपक्यावर जाऊन सळई दाबली. चार बोटं गेली आणि अडली.

"तुझा खुंटा पाण्यात पाय सोडून बसलाय," ताई म्हणाली, "आणि सगळ्यांना सांगतोय, बाकीचेही मजेत आहेत म्हणून."

काकांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि चाळीसच्या चाळीस खुंटे पाहिले. कुठे पाटाच्या कडेला, कुठे झाडाच्या सावलीत, कुठे पंपाच्या खोलीमागे जिथे लोक हातपाय धुतात तिथे. एक तर अशा खळग्यात होता की तिथे म्हशी येऊन बसत. खुंट्याच्या शेपटीला शेण लागलं होतं आणि तो तसल्या जागेवरून टॉवरला इमानेइतबारे कळवत होता, ओल उत्तम. एकतीस खुंटे अशा जागी होते. एकही आपल्या मनाने चुकला नव्हता. जिथे पुरला तिथली ओल बरोबरच सांगत होता.

बुधवारी दुपारी खुंटे पुरणाऱ्या टोळीचा मुकादम त्यांना पंपाच्या खोलीपाशी भेटला. त्याला गिरमिटवाला म्हणत. पाय पसरून, टोपी डोळ्यांवर ओढून तो पडला होता.

"ठिपके सोडून भलतीकडे कशाला पुरलेस?" काकांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण तो नेहमीसारखाच बसका निघाला.

"काका, दिवसाला दहा भोकं पाडायची," गिरमिटवाला टोपी न काढता म्हणाला. "कडक जमिनीत गिरमिटाचं पातं तुटतं. दोन तुटली. तिसरं तुटलं तर आम्हाला हाकलतील. मग काय, सरकायचं चार पावलं, मऊ जागा बघायची. भोक ते भोक. खोली बरोबर घेतलीय हां! एक बोट इकडे-तिकडे नाही."

"पण जागा?"

आता त्याने टोपी वर केली. त्याच्या चेहऱ्यावर नवल होतं, खरं-खरं. "जागा तुम्ही पास केल्यात की. चाळीसच्या चाळीस कागद तुमच्या सहीने आले. मी म्हटलं, चिमूटकाकांनी पाहिलंय, म्हणजे चालत असेल."

काका पंपाच्या मागे गेले आणि तिथल्या नळाखाली हात धुतले. परत धुतले. खुंटे पुरून झाल्यानंतरची ती दुपार त्यांना आठवत होती. बाहेर रखरखीत ऊन, गुडघा ठणकत होता, चहा समोर आला होता. पडदेसाहेबांनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला होता. "काका, एवढं उरकून टाका ना, संध्याकाळी पाठवायचेत." प्रत्येक कागदावर सहीच्या वर छापलेलं होतं, 'जागा प्रत्यक्ष पाहिली.' चहा निवायच्या आत चाळीस सह्या झाल्या होत्या. एकतीस वर्षं ज्या माणसाने माती चाखल्याशिवाय शब्द काढला नाही, त्याने चाळीस शेतं खुर्चीवर बसून पाहिली होती. तोंडात काहीतरी कडू आलं. ते थुंकले. तरी गेलं नाही.

कार्यालयात परत जाऊन त्यांनी पडदेसाहेबांना सगळं सांगितलं. म्हणजे तीन-चार तुटक वाक्यं बोलले. पडदेसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"काका, उद्या मंजुरी आहे. आत्ता एकतीस खुंटे उपटायचे म्हणजे सगळं तीन महिने मागे. थोडंफार इकडे-तिकडे असतंच. पुढे गणितात दुरुस्ती करू. पडद्यावरचा आकडा कमी करायला कितीसा वेळ लागतो?"

"प्रत्येक जागी वेगळी चूक आहे. म्हशींच्या खळग्यातला आकडा कितीने कमी करणार?"

"बघू ना. आणि हे बघा," त्यांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास येत होता. "तुमच्या ताईंची अडचण मला कळते. त्यांचा तुकडा मी पिवळा करून ठेवतो. हातानेच. कुणाला कळणार नाही. शुक्रवारी त्यांना पाणी मिळेल. घरचा माणूस म्हणून एवढं करायलाच हवं."

काकांना वाटलं, ताडकन उठावं. पण उठले नाहीत. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही, आणि "बघतो" म्हणून बाहेर आले. जिन्यात उभं राहून त्यांनी ताईला फोन लावला.

ताईने सगळं ऐकलं. मग विचारलं, "माझा मका वाचेल?"

"वाचेल."

"आणि बाकीच्या दहा जणांचा?"

"त्यांचं हिरवंच राहील."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"शी!" ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी बैठकीला मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. कमी बोलणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहणाऱ्या. पडदेसाहेबांनी पडदा लावला. चारही पट्टे हिरवे. एकच छोटा तुकडा पिवळा.

काकांनी तो ओळखला. त्यांनी हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं, आणि या खोलीत तेवढं पुरेसं होतं. आपल्याच घरची घाण चारचौघांत कुणीतरी नीट रंगवून टांगून ठेवावी, तसा तो पिवळा तुकडा दिसत होता.

बोलायचं म्हणून त्यांनी दोनदा घसा साफ केला. दोन्ही वेळा सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा त्यांनी नुसता खिशातला रुमाल चाचपला. पण ते आपल्याला ओळखून होते. म्हणून घरूनच एका कागदावर लिहून आणलं होतं. तो त्यांनी टेबलावरून सरकवत मोठ्या बाईंपुढे नेला. बाई तो मोठ्याने वाचतील, हे मात्र काकांनी धरलं नव्हतं.

"'चाळीसपैकी एकतीस खुंटे ठरलेल्या जागी नाहीत, मऊ, ओल्या जागी आहेत. हिरवा रंग त्या जागांचा आहे, शेतांचा नाही. जागा न बघता सह्या मी केल्या आहेत. पिवळा तुकडा माझ्या बहिणीचा आहे, तो हाताने केलेला आहे.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मॅडम, एखाद-दुसरा अपवाद असू शकतो," पडदेसाहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "काका जुन्या पद्धतीचे आहेत. त्यांना सेन्सरचा राग..."

"राग नाही," काका एकदम बोलले. त्यांचा त्यांनाच आवाज परका वाटला. "खुंटे चांगले आहेत. जागा मीच काढल्या होत्या त्यांच्या. चांगल्या काढल्या होत्या."

"गाडी काढा," मोठ्या बाई म्हणाल्या.

चौथ्या पट्ट्यात बांधावर ताई उभी होती. तिने कुणाला या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही. बाईंनी काकांच्या हातून सळई घेतली आणि व्हॉल्व्हजवळच्या खुंट्याशेजारी स्वतः दाबली. मूठ जमिनीला टेकली. पंधरा-सोळा पावलं चालून पुन्हा दाबली. चार बोटं. त्यांनी दोन्ही हातांनी जोर दिला, सगळं वजन टाकलं. सळई किंचित वाकली, आत गेली नाही. पडदेसाहेब मोबाइल वर धरून रेंज पाहत होते. मग त्या शेजारच्या शेतात गेल्या, त्याच्या पलीकडच्या शेतात गेल्या, पाच खुंटे त्यांनी असे पाहिले. म्हशींच्या खळग्यापाशी त्या आल्या तेव्हा दोन म्हशी तिथे बसलेल्याच होत्या. बाईंनी खुंट्याकडे पाहिलं, शेणाकडे पाहिलं आणि नाकाला पदर लावला.

"हा पण उत्तम का?" त्यांनी विचारलं.

"आकडा... हो, उत्तम आहे," पडदेसाहेब म्हणाले.

गाडीकडे परतताना बाई थांबल्या आणि काकांच्या कपाळाकडे पाहत म्हणाल्या, "आज सांगितलंत. सह्या करताना का नाही गेलात बघायला?"

काकांनी खूप कारणं शोधली असती तर सापडली असती. गुडघा होता, घाई होती, साहेबांचा गठ्ठा होता.

"ऊन होतं," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी त्यांनी मघाशी खळग्याकडे टाकली होती. काकांना ती योग्यच वाटली.

निकाल गाडीतच झाला. मंजुरी थांबली. शुक्रवारची पाळी जुन्या पद्धतीने, चौथ्या पट्ट्यापासून सुरू. एकतीस खुंटे उपटून ठरलेल्या जागी पुरायचे, आणि प्रत्येक भोकावर काका हजर पाहिजेत. काकांना लेखी ठपका. पडदेसाहेबांना काय, ते कुणाला कळलं नाही. बहुधा काहीच नाही. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या एका कार्यालयात 'जागा-तपासणीची नवी पद्धत' या विषयावर भाषण देऊन आले, आणि तिथे पडद्यावर दाखवलेल्या पहिल्याच चित्रात काकांच्या हातातली चिमूटभर माती होती. फोटो कधी काढला, देव जाणे.

शुक्रवारी चौथ्या पट्ट्यात पाणी फिरलं. काका सरीच्या तोंडाशी उभे राहून बघत होते. कोरड्या भेगांत पाणी शिरताना बुडबुडे येत होते. ताईने फावड्याने बांध फोडला, पाणी पुढच्या सरीत वळवलं आणि म्हणाली, "तोंड एवढं वाकडं कशाला? आलं ना पाणी."

"आलं."

"मग?"

"काही नाही."

"तुझं आहे काय ते मला माहीत आहे," ताई म्हणाली. "पण मक्याला त्याचं काही नाही."

तीन दिवसांनी गिरमिटवाला टोळी घेऊन आला. ठरलेल्या ठिपक्यावर त्याने गिरमिट लावलं, डोळे मिटून जोर केला, आणि पातं सरळ आत गेलं. त्याने डोळे उघडले.

"अरेच्चा! हीच ती कडक जागा?"

"पाणी दिल्यावर तीन दिवसांनी भोकं पाडायची," काका म्हणाले. "तेव्हा पातं सगळीकडेच जातं."

"मग हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

इतकी साधी गोष्ट. एवढ्यासाठी दोन पाती तुटली, एक पाळी गेली आणि अकरा शेतं तहानलेली राहिली. विचारायला कुणी आलं नाही, हे खरं. सांगायला काकाही गेले नाहीत, हेही तितकंच खरं. ते भोकापाशी गुडघा टेकून बसले, आतली माती चिमटीत घेतली, चोळली, हुंगली, जिभेला लावली. खुंटा बसला. मांडीवर फळी ठेवून त्यांनी कागदावर सही केली, 'जागा प्रत्यक्ष पाहिली' या ओळीखाली. बोटांचा चिखल कागदाला लागला. असे त्या दिवशी अकरा कागद झाले, पट्ट्यातल्या व्हॉल्व्हवाल्याच्या हाती ते कार्यालयात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिसऱ्या पट्ट्यात भोकावर वाकलेले असताना फोन वाजला. पडदेसाहेब होते. आवाजात पूर्वीसारखीच साखर.

"काका, ते कालचे कागद. सगळ्यांवर चिखल आहे हो. स्कॅन नीट येत नाही. असं करा, मी कोरे कागद काढून ठेवतो. दुपारी इकडे या, टेबलावर बसून अकराच्या अकरा सह्या परत करून टाका. चहा सांगतो."

मागे कुठेतरी डबीने फुस्स केलेलं काकांना फोनमधून ऐकू आलं. तो वासही आला, असं त्यांना वाटलं.

"नाही," ते म्हणाले.

"अहो, पाच मिनिटांचं काम..."

"कोरे कागद घेऊन तुम्ही इकडे या," काका म्हणाले. "भोकं दाखवतो. तिथे करतो सह्या."

"काका, बाहेर ऊन किती आहे!"

काकांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि बंद केला. मग हात पाठीमागे पँटला पुसले. गिरमिटवाला टोपी मागे सारून त्यांच्याकडे पाहत होता.

"काय म्हणाले साहेब?"

"ऊन आहे म्हणाले," काका म्हणाले आणि पुढच्या ठिपक्याकडे चालू लागले.